तापट स्वारी

ऑगस्ट 2006 मध्ये ॲपलने पहिला मॅक प्रो आणला आणि त्याच्यासोबत ही स्वारीही आली. नाव एफबी-डिम, म्हणजे फुली बफर्ड मेमरी. त्या मशिनमधले दोन झिऑन प्रोसेसर अजूनही धडधाकट असतात. गाडी अडते ती मूळच्या 1 जीबी मेमरीवर. ती वाढवायची म्हटली की हिची मनधरणी आलीच.

दिसायला साध्या डीडीआर2सारखी. लांबी तीच, पिना तेवढ्याच, 240. खाच मात्र वेगळ्या जागी, त्यामुळे घरच्या जुन्या पीसीतली स्टिक हिच्या जागी बसतच नाही. खरी गंमत अशी की हिच्या अंगावरच्या मेमरी चिपाही साध्या डीडीआर2च्याच. हिचा सगळा तोरा आहे तो मधोमध बसलेल्या एका जादा चिपमुळे. तिला एएमबी म्हणतात. कंट्रोलर मेमरीशी थेट बोलत नाही, जे काय सांगायचं ते या बाईंना सांगतो. निरोप आपल्यासाठी असला तर त्या ठेवून घेतात, नसला तर शेजारच्या स्टिककडे देतात, पंगतीत मिठाची वाटी हातोहात सरकते तसा. रांगेत जितक्या जास्त जणी, तितकी शेवटच्या पानापर्यंत वाटी पोचायला वेळ. म्हणून माझं मत विचाराल तर 2 जीबीच्या आठ घेण्यापेक्षा 4 जीबीच्या चार घ्याव्यात. वीज कमी, ताप कमी.

ताप हा शब्द इथे अगदी खरा. एएमबीला उसंत नाही, त्यामुळे ती सतत गरम. मशिन बंद केल्या केल्या हात घालाल तर चटका खाल. या मॅक प्रोसाठी ॲपलने जाड, पंखांचा हीटसिंक सांगितला तो याचसाठी. पुष्कळांना तो ग्राहकाला कापण्याचा धंदा वाटला. मला नाही वाटत. सर्व्हरमधून काढलेल्या स्टिकवर पातळ पत्रा असतो, कारण सर्व्हरचे पंखे एरवीही वादळासारखे घोंघावत असतात. मॅक प्रो टेबलाशेजारी बसतो, त्याला आवाज परवडत नाही. पातळ पत्र्याची स्टिक लावली तर ती चालेलही, पण अंग तापलं की पंखे जोर धरतात, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर मेमरीच्या चुका निघू लागतात.

चुकांच्या बाबतीत मात्र हिचा स्वभाव सरळ. डेटाच्या दर 64 बिटांमागे तपासणीचे 8 बिट जादा असतात. एक बिट बिघडला तर तो परस्पर दुरुस्त होतो, दोन बिघडले तर लपवाछपवी नाही. मेमरी ज्यावर बसते त्या राइजर कार्डावर लाल दिवे आहेत, ते बिघाडाची जागा दाखवतात.

एकटी मात्र ही कधी राहत नाही. जोडीनेच लावायची, आणि जोडीदारीण मापाला, वेगाला सारखी हवी. मेमरी दोन राइजर कार्डांवर बसते, प्रत्येकावर चार स्लॉट. चारही एकाच कार्डावर कोंबल्या तर मशिन कुरकुर करणार नाही, पण चारपैकी दोनच चॅनल कामाला लागतील. दोन इथे, दोन तिथे, म्हणजे चारही वाटा मोकळ्या. कागदावर मर्यादा 16 जीबीची, पण 4 जीबीच्या आठ लावल्या तर 32 जीबीही मशिन निमूट स्वीकारतं.

खरेदीला जाताना लेबल वाचायचं. ‘पीसी2-5300’ सगळ्यांवरच असतं, महत्त्वाचं त्याच्या शेपटीचं अक्षर. एफ असेल तर ही. पी असेल तर ती रजिस्टर्ड सर्व्हर मेमरी, ई किंवा यू असेल तर आणखी तिसरीच. दुकानदार तिन्ही एकाच ट्रेमधून काढून ‘सर्व्हर रॅम’ म्हणून पुढे करतो आणि ‘चालेल, साहेब’ म्हणतो. नाही चालत.

हिचा वंश पुढे वाढला नाही. 2009 च्या मॅक प्रोमध्ये इंटेलने मेमरी कंट्रोलर थेट प्रोसेसरच्या पोटात घेतला, डीडीआर3 आली आणि मधल्या बाईंची नोकरी गेली. डेलचा पॉवरएज 2950, एचपीचा प्रोलायंट डीएल380 जी5 असे त्या काळचे सर्व्हर भंगारात निघाले की त्यांच्यातून ढिगाने एफबी-डिम मिळतात, तीही स्वस्तात, कारण नव्या मशिनला तिचा काही उपयोग नाही. फक्त जाड हीटसिंक तेवढा वेगळा शोधावा लागतो.