धातू संपत नाही

• ऑगस्ट २०१७. तळोजा एमआयडीसीच्या परिसरात निळे कुत्रे दिसले आणि कासाडी नदीचं प्रदूषण देशभर बातमीत आलं. तो रंग होता, म्हणून दिसला. विहिरीत अपाय होण्याइतकं कॅडमियम किंवा शिसं असलं तरी पाणी नितळच राहतं. पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची भारतीय मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम. ती डोळ्यांना नाही, प्रयोगशाळेलाच कळते.

• सांडलेलं तेल जिवाणू खाऊन संपवतात. धातूचं तसं नाही, तो मूलद्रव्य. जिवाणू फक्त त्याचं रूप बदलतात. षट्संयुजी क्रोमियम विषारी, आणि पाण्याबरोबर वाहत जाणारा. त्रिसंयुजी झाला की बहुतांशी मातीला धरून बसतो. हा बदल घडवायला जिवाणूंना खाद्य लागतं, मळीसुद्धा चालते. कॅलिफोर्नियातल्या हिंक्ली गावात त्यासाठी जमिनीखाली इथेनॉल सोडलं गेलं.

• धरमतरच्या खाडीत ओहोटीला चिखल उकरला तर खाली काळा गाळ, कुजक्या अंड्यांचा वास. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचं हे काम. त्यांनी तयार केलेल्या सल्फाइडशी जस्त, तांबं, शिसं, कॅडमियम जखडले जातात. रायगडच्या खाड्यांना हे शुद्धीकरण फुकट मिळालंय. पण तोच गाळ उपसून उन्हात पसरला की हवा लागते, आम्ल तयार होतं, धातू पुन्हा मोकळे.

• नेदरलँड्समधल्या बुडेलच्या जस्त कारखान्याने १९९२पासून हेच जिवाणू टाकीत पाळले. खालचं दूषित भूजल उपसायचं, टाकीत जस्ताचं सल्फाइड करायचं आणि ते परत भट्टीकडे पाठवायचं. इथे धातू खरोखरच जमिनीतून बाहेर आला.

• याच गटातले काही जिवाणू पाऱ्याचं मिथाइल पारा करतात. जपानच्या मिनामाटात माशांतून माणसांत गेला तो हाच. तिथे मात्र तो कारखान्याच्याच सांडपाण्यातून आला होता. म्हणजे पारा असलेल्या जागी सल्फेटवाल्यांना मोकाट खाऊ घालणं धोक्याचं.

• आपल्याकडे रायगडात जमिनीखाली काळा कातळ. पाणी भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या थरातून फिरतं. एका बोअरमध्ये ओतलेली मळी शेजारच्या बोअरला पोचेल की भलत्याच भेगेने निघून जाईल, हे आधी माग काढल्याशिवाय सांगता येत नाही. त्यात पावसाळ्यात ताजं, ऑक्सिजन असलेलं पाणी मुरतं आणि जिवाणूंनी घडवलेली स्थिती बिघडू शकते.

• आणखी एक पेच. ऑक्सिजन संपवला की क्रोमियम बसतो. पण लोहाच्या गंजाला चिकटलेलं आर्सेनिक सुटतं. बंगालच्या नलिकाविहिरींत हेच घडलं. बुडेलच्या कारखान्याला स्वतःच्या पाण्यात काय आहे ते ठाऊक होतं. एमआयडीसीत नाना कारखान्यांचं सांडपाणी एकत्र येतं. तेव्हा 'जिवाणूंनी पाणी स्वच्छ करू' म्हणणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: पाण्यात कोणकोणते धातू आहेत, उपायानंतर ते कुठे राहतील, आणि दर पावसाळ्यानंतर तपासणी कोणाच्या खर्चाने होणार?