अठराचा फरक

दिव्यातल्या आमच्या घरात एक खोली आणि एक स्वयंपाकघर. आई-बाबा झोपले की धाकटी बहीण ओट्यापाशी चटई टाकून लॅपटॉप उघडते. ती बायोइन्फर्मेटिक्स शिकते, मी हिशेबाच्या नोकरीत. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तिने हाक मारली, "ताई, जरा आकडे वाचून दाखव ना. माझे डोळे पार थकलेत."

प्रथिन होतं लायसोझाइम. ते अंड्याच्या पांढऱ्या भागात असतं, आपल्या अश्रूंतही असतं. १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते जगापुढे आणलं. कोंबडीच्या लायसोझाइममध्ये १२९ अमिनो आम्लं एका साखळीत ओवलेली असतात. डी १.३ नावाची अँटीबॉडी त्याला नेमकी कुठे धरते, हे १९८६ मध्ये क्ष-किरणांच्या मदतीने कळलं: १८ ते २७ आणि ११६ ते १२९.

बहिणीने हे दोन तुकडे पडद्यावर लाल रंगवले होते. मी चकित झाले. साखळीत जवळजवळ नव्वद मण्यांचं अंतर, आणि इथे दोन्ही एकमेकांना खेटून! ती म्हणाली, "आपलं दिवा जंक्शन बघ ना. वसई कुठे, सावंतवाडी कुठे. पण इथे दोन्हीकडच्या गाड्या शेजारी उभ्या राहतात. प्रथिनाची घडी पडली की असंच होतं."

साखळीतल्या आम्लांची नुसती अक्षरं वाचून, अँटीबॉडी धरते अशा जागांचा, म्हणजे एपिटोपचा, अंदाज करायची एक पद्धत पुणे विद्यापीठातून निघाली. अशोक कोळस्कर आणि प्रसाद टोणगावकर यांनी ती १९९० मध्ये मांडली. प्रथिनाच्या पृष्ठभागावर आलेली सिस्टीन, ल्यूसीन आणि व्हॅलीन ही आम्लं अशा जागांत असण्याची शक्यता जास्त, असं त्यांना दिसलं होतं. अंदाज सुमारे ७५ टक्के बरोबर येतो, असा त्यांचा दावा होता. एपिटोपच्या आंतरराष्ट्रीय डेटाबेसवर आजही ही पद्धत वापरता येते. घडीमुळे जवळ आलेले तुकडे मात्र अक्षरांत दिसत नाहीत. त्यासाठी २००५ मध्ये ऊर्मिला कुलकर्णी-काळे, श्रीराम भोसले आणि कोळस्कर यांनी त्रिमित रचना वाचणारा सर्व्हर तयार केला, तोही पुण्यातच. हे सांगताना बहिणीचा थकवा पळाला होता.

पण अक्षरांची पद्धत लायसोझाइमवर लावून बनवलेले तिचे तक्ते जुळत नव्हते. अंदाज एकीकडे, लाल तुकडे भलतीकडे. तीन दिवस ती पद्धतीलाच दोष देत होती.

मी युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसवरून घेतलेली आम्लांची यादी वाचू लागले. "अठरा, ग्लायसीन."

ती प्रोटीन डेटा बँकेतली रचना बघत होती. "अठरा, अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड."

"एकोणीस, लायसीन."

"अ‍ॅस्पॅराजीन."

हिशेबात असं झालं की आम्ही आधी दोन्हीकडची बेरीज बघतो. "तुझ्या यादीत एकूण किती?" एकशे सत्तेचाळीस. "आणि रचनेत?" एकशे एकोणतीस. फरक बरोबर अठराचा.

तिने कपाळाला हात लावला. पेशीत प्रथिन तयार होतं तेव्हा त्याच्या पुढच्या टोकाला १८ आम्लांचा एक जादा तुकडा असतो. प्रथिनाला पेशीबाहेर जायची वाट दाखवली की तो कापला जातो. युनिप्रॉट पूर्ण साखळी मोजतं, रचनेतले आकडे कापून उरलेल्या प्रथिनाचे. दोन्ही नोंदी खऱ्या. तक्ते तेवढे सरकलेले.

तिला रडू आलं. मी चहा टाकला. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झाली आणि आज तिथे दोन लाखांहून जास्त रचना आहेत, हे तिनेच मला चहा पिताना सांगितलं. कुणीतरी वर्षानुवर्षं खपून काढलेली प्रत्येक रचना दिव्याच्या स्वयंपाकघरात एक पैसा न देता उघडते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मग तिने प्रत्येक तक्त्यावर लाल पेनाने "वजा १८" लिहिलं आणि आम्ही पहिल्यापासून बसलो. बाहेर पहिल्या लोकलचा आवाज आला तेव्हा मी वाचत होते, "एकशे चौतीस, लायसीन."

"एकशे सोळा," ती म्हणाली, "लायसीन."