विचारायची पुस्तकं, द्यायची पुस्तकं

पुस्तक कागदावर वाचावं की पडद्यावर, हा वाद बहुधा कागदाचा वास आणि बॅटरीची टक्केवारी यांच्यापाशी येऊन थांबतो. रायपूरमध्ये मराठी वाचणाऱ्याला तो इतक्या निवांतपणे घालता येत नाही. इथे मराठी पुस्तक नागपूरहून, म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटरवरून, कोणाच्या तरी पिशवीतून येतं, नाही तर पार्सलने. एकदा घरातून गेलेलं पुस्तक सहसा परत येत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी तात्यापाऱ्यातलं घर सोडून फ्लॅटमध्ये जायचं ठरलं, आणि बाबांच्या चार आलमाऱ्यांपैकी एकच नव्या जागेत मावेल हे स्पष्ट झालं, तेव्हा मला प्रत्येक पुस्तक हातात घेऊन एकच प्रश्न विचारावा लागला: हे पडद्यावर राहिलं तर चालेल का?

रायपूरच्या मराठी घरांची गोष्ट जुनी आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर आला, तेव्हापासून कारकून, पुरोहित, पुढे वकील, मास्तर असे लोक येत राहिले. 1956 पर्यंत तर नागपूर ही आमचीच राजधानी होती. राज्यं वेगळी झाली, 2000 साली छत्तीसगड आलं, आणि मराठी हळूहळू घरातली, सणावारांची आणि चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळातली भाषा झाली. बाबा नोकरीच्या कामाने नागपूरला जात आणि येताना पुस्तकं आणत. आमच्या आलमाऱ्या अशा प्रवासांनी भरल्या होत्या.

मी अनुवाद करते, मराठीतून हिंदीत आणि कधी उलट. माझ्या धंद्याला पडद्याने जे दिलं ते नाकारणं कृतघ्नपणाचं ठरेल. 2016 च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली आणि माझ्यापुरतं तीनशे किलोमीटरचं अंतर एका मिनिटावर आलं. त्याहून मोठी सोय कोशांची. मोल्सवर्थचा 1857 चा कोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश हे सगळे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मराठी विश्वकोशही जालावर आहे. सकाळी कामाला बसताना आता मी स्टुलावर चढून खंड काढत नाही. तेव्हा कोश, ज्ञानकोश, व्याकरणं, ज्यांना आपण काहीतरी विचारतो आणि उत्तर मिळालं की मिटवतो, त्या पुस्तकांना मी ‘विचारायची पुस्तकं’ म्हणू लागले. ती पडद्यावरच बरी, असं मनाशी ठरवलं.

अर्थात विचारलेल्याचं उत्तर बरोबर येईलच असं नाही. मराठीतला तो निमुळता अर्धा र, ‘वाऱ्यावर’मधला, हिंदीत नाही. संगणकात तो दोन रीतींनी साठवता येतो: एकात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका रीतीने शोधलं की दुसऱ्या रीतीने लिहिलेला शब्द पुष्कळदा हाती लागत नाही. जुन्या छापील पानांवरून अक्षरं ओळखून घेतलेल्या मजकुरात तर मी आचाऱ्यांचे आचार्य झालेले पाहिले आहेत: स्वयंपाकघरात बसलेली माणसं एकदम गुरुपदाला पोचलेली. ‘ल’ आणि ‘श’ अनेकदा हिंदी वळणाचे येतात. हे दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत. माझी खरी अडचण वेगळी आहे.

दुकानातून घेतलेलं ई-बुक आपण विकत घेत नाही. ते वाचायची परवानगी घेतो, आणि ही परवानगी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही असं बहुतेक दुकानांच्या अटींत लिहिलेलं असतं. 2009 साली ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे ग्राहकांच्या किंडलवरून काही पुस्तकं परत काढून घेतली. त्यांत जॉर्ज ऑरवेलची ‘1984’ ही कादंबरी असावी हा योगायोग पुष्कळांना आठवत असेल. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांना पैसे परत मिळाले, पुस्तकं मात्र उघडेनाशी झाली. बाबांच्या आलमाऱ्या माझ्याकडे आल्या त्या कोणाला न विचारता. माझं किंडल माझ्या मुलीकडे जाईल ते पासवर्डासकट एक यंत्र म्हणून.

लेखकाच्या बाजूनेही हिशेब सोपा नाही. आमच्याच शहरात राहिलेले, पुढे ज्ञानपीठाने गौरवलेले विनोद कुमार शुक्ल यांनी 2022 मध्ये आपल्या पुस्तकांच्या रॉयल्टीचा आणि परवानगीविना निघालेल्या ई-बुकांचा प्रश्न जाहीरपणे मांडला, तेव्हा हिंदीत बरीच खळबळ झाली. मी त्यानंतर माझे जुने करार काढून बसले. कायदा सांगतो की हक्क किती काळासाठी दिले ते करारात लिहिलं नसेल तर ती मुदत पाच वर्षं धरायची. आता मी कागदाचे आणि डिजिटलचे हक्क वेगळ्या कलमांत, वेगळ्या मुदतीने लिहून मागते. ई-बुक हवंच, नाही तर भोपाळ, बडोदा, इंदूरच्या वाचकापर्यंत पोचणार कसं? पण एकट्या ई-बुकावर मी सही करत नाही.

त्याला कारण माधवराव सप्रे. मराठी मातृभाषेचा हा माणूस हिंदीच्या पायाभरणीत राबला. समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेलं. 1900 साली पेंड्र्यासारख्या आडगावातून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं, आणि ते जेमतेम तीन वर्षं चाललं. त्यातच 1901 मध्ये त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा आली. पुढे कित्येक दशकांनी अभ्यासकांनी तिला हिंदीतल्या आरंभीच्या कथांमध्ये मानाची जागा दिली. आज ती कोणीही फोनवर वाचू शकतो. पण ती फोनवर पोचली, कारण बंद पडलेल्या मासिकाचे अंक कुणीतरी फेकले नाहीत. पुढे या कथेचं काय होणार हे त्या माणसांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. अंक नुसते घरात राहिले. कथा पसरवली पडद्याने, पण टिकवली कागदाने, आणि तीही कोणाच्या खास प्रयत्नाशिवाय.

असंच नुसतं पडून राहणं आमच्या घरात काय करतं, हे मी रोज पाहते. मुलगी नववीत आहे, शाळेत इंग्रजी आणि हिंदी शिकते. मराठी तिला बोलता येतं, तेही आमच्या वळणाचं: “आई, मी जेवून राहिले ना!” मराठी वाचायला तिला कोणी शिकवलं नाही. पण हिंदीमुळे देवनागरी येते, म्हणून अडखळत का होईना, समोर पडलेलं पुस्तक ती उचलू शकते. पुण्यातल्या मुलाला मराठी अक्षर दुकानाच्या पाटीवर, बसवर, वर्तमानपत्रात भेटतं. रायपूरमध्ये ते तिला अचानक भेटण्याची एकच जागा आहे, आणि ती म्हणजे घरातली आलमारी. माझ्या किंडलवर दोनशेच्या वर मराठी पुस्तकं आहेत. त्यांतलं एकही तिच्या वाटेत कधी आडवं आलेलं नाही. शोधायला नाव माहीत असावं लागतं, आणि नावंच तर तिला माहीत नाहीत.

म्हणून दुसरा गठ्ठा झाला ‘द्यायच्या पुस्तकां’चा. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांच्या लेखनावरचा कॉपीराइट केव्हाच संपला. ‘श्यामची आई’ जालावर फुकट मिळते. माझ्या पहिल्या नियमाप्रमाणे ती काढून टाकायला हरकत नव्हती. मी ती ठेवली, तीही मुलीचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर. याउलट विश्वकोशाचे जाडजूड खंड, समीक्षेची पुस्तकं, मासिकांचे गठ्ठे गेले. काही नागपूरच्या नातेवाइकांनी नेले, काही इथल्या एका आजोबांनी. उरलेले कबाड्याने तराजूत घातले. किलोचा भाव ऐकताना वाईट वाटलं, ते वाटायचंच होतं. कुठलाही नियम केला तरी त्याने हा भाव वाढत नाही.

शेवटी राहिले महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड. खरं तर हे विचारायचंच पुस्तक. रोज पडद्यावर त्यालाच विचारते. बांधून ठेवायच्या आधी सहज चाळले. ‘गोष्ट’ या शब्दाशेजारी बाबांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘गोठ’. छत्तीसगडीत बोलणं, गप्पा म्हणजे गोठ. दोन्ही शब्दांचं मूळ संस्कृत गोष्ठीत. पुढे आणखी काही पानांवर अशाच नोंदी होत्या, कामावरच्या माणसांकडून, भाजीवालीकडून ऐकलेल्या. बाबा अनुवादक नव्हते, लेखा विभागात नोकरीला होते. शिकागोच्या कोशात हे शब्द नाहीत, असण्याचं कारणही नाही. नोंदींचे फोटो मी काढून ठेवले आहेत. खंडही ठेवले, आणि त्यांच्यासाठी माझ्या कपड्यांचा एक कप्पा रिकामा केला. आता मुलीला सांगितलं आहे की भाजीवालीकडून नवा शब्द ऐकलास तर पेन्सिलीनेच लिही, पेनाने नको.