दोन सूत

सहा मिलिमीटर म्हणजे आम्हा फरशीवाल्यांच्या हिशेबात दोन सूत, त्याहून किंचित कमीच. एवढ्याशा जाडीची, साडेदहा फूट लांब नि सव्वापाच फूट रुंद पोर्सेलीनची शीट मोरबीहून कोल्हापुरात येते आणि तिथून वाघबीळ, बांबवडे करत आमच्या मलकापुरात. लोखंडी घोडीवर उभी बांधून आणायची. आडवी टाकली तर पहिल्या खड्ड्यालाच संपली. वजन पंचाहत्तर किलोंच्या आसपास. तेवढ्याच मापाचा सहा सूत ग्रॅनाइट अडीचशेच्या पुढं जातो. चौघांनी उचलायचं ओझं दोघांवर आलं म्हणून पोरं खूश असतात. पण ही शीट ताकदीनं नाही, सांभाळून उचलायची असते.

गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो घेऊन येतं. पांढऱ्यावर करड्या शिरा, सांधा कुठं दिसत नाही, कट्टा आणि मागची भिंत एकच. आमच्या शाहूवाडी तालुक्यातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला असतं, त्यामुळं फोटो बहुतेक तिकडच्या फ्लॅटमधला असतो. मी फोटो बघतो आणि घरातल्या बाईमाणसाला विचारतो, "वहिनी, नारळ कुठं फोडता?" त्या हसतात. "कट्ट्याच्या कडंवर, आणि कुठं?"

मग दोन सुताचा कट्टा विसरा, असं मी सरळ सांगतो. पोर्सेलीन कठीण असतं, चिवट नसतं. बाराशे अंशाच्या आसपास भाजलेली ती माती, फेल्डस्पार आणि सिलिका. सुरीचा ओरखडा सहसा उठत नाही, तापलेल्या तव्याचा डाग पडत नाही. पण कडेवर नारळ बसला, किंवा खलबत्त्यात सुकं खोबरं नि मसाला कुटायला घेतला की टवका उडतो. वर शिरांचं चित्र असतं ते नुसतं छापलेलं, खाली माती कोऱ्या रंगाची. ग्रॅनाइटचा टवका घासून, पॉलिश करून लपवता येतो. इथं तो पांढरा ठिपका कायमचा डोळ्यांत खुपतो. त्याच कारणानं ग्रॅनाइटसारखी गोल कड काढता येत नाही. ४५ अंशांत दोन पट्ट्या कापून जोडायच्या आणि धार किंचित मोडायची. काही कारागीर नजरेला टोकदार दिसावं म्हणून धार तशीच ठेवतात. भांडं आपटल्यावर ती आधी जाते, आणि तोवर आपल्या बायकांच्या मनगटांना घासते ते वेगळंच.

मुळात ही वस्तू भिंतीसाठी जन्मली. इटलीत फियोरानोला फ्रांको स्तेफानी यांनी २००१ साली लॅमिनाम कंपनी काढली, तेव्हाची शीट तीन मीटर बाय एक मीटर, जाडी फक्त तीन मिलिमीटर. कट्ट्यासाठी बारा मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाचा माल नंतर आला. भिंतीवर तिला मार नसतो, आणि तिथं मी तिची शिफारस डोळे झाकून करतो. फोडणीचं तेल, हळद, कांदा-लसूण चटणीचा शिंतोडा, सगळं ओल्या फडक्यानं निघतं, कारण पोर्सेलीन म्हणवायला पाणी शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत लागतं. छोट्या टाइल्समध्ये टाइल चांगलीच राहते, पिवळा पडतो तो सांधा. मग बायका बाथरूमचं ॲसिड ओततात आणि सिमेंटचा सांधा उरलासुरलाही खाऊन टाकतात. मोठ्या शीटला सांधेच एखाद-दुसरे, ते इपॉक्सीनं भरायचे.

कडाप्प्याचं उलटं. तो आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, आमसुलाचं पाणी सांडून राहिलं की तकाकी जाऊन पांढुरका डाग उमटतो. ग्रॅनाइटला आंबट काही करत नाही, पण फिकट रंगाचा असेल तर तेल पितो. म्हणून इकडं काळाच बरा.

तरीही कट्ट्यावर दोन सूत बसवायची एक जागा आहे: जुना, भक्कम कट्टा. खाली कडाप्पा किंवा काँक्रीट, वर डाग पडलेला जुना दगड. तो फोडायचा म्हटलं की खालचे खण हलतात, नळाची लाइन दुखावते, आठवडाभर घरात धूळ. त्यावरच शीट चढवायची. जुना दगड घासून खरबरीत करायचा, लेव्हल बघायची, शीटलाही आणि दगडालाही चिकटवायचं केमिकल लावायचं. नंतर नाण्यानं वाजवून बघतो. कुठं पोकळ आवाज आला तर शीट त्याच जागी दगा देणार, विशेषतः सिंकजवळ. सिंक आणि शेगडीच्या कटआउटचे कोपरे काटकोनी कापले की तडा तिथूनच चालू लागतो. आधी कोपऱ्यात गोल भोक पाडायचं, मग सरळ कापायचं.

प्लायवर मात्र मी बसवत नाही. मुंबईत चालत असेल. आंबा, गजापूर, विशाळगडाकडं जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही, आणि मुंबईकरांची घरं त्याच दिवसांत कुलूपबंद असतात. गणपतीला काय उघडतात तेवढीच. बंद घरात प्लाय फुगतो. शीट फुगत नाही. दोघांच्या भांडणात फुटायचं कुणी, हे ठरलेलं आहे. भिंतीचंही तेच. जांभ्याची जुनी भिंत आतून पाणी ओढत असेल तर आधी ओलीचा बंदोबस्त, मग शीट. हे सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं, मिस्त्री काम वाढवतो.

कापण्याबद्दल मी जास्त कडक आहे. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून कट्ट्याच्या कृत्रिम क्वार्ट्झ दगडावर बंदी घातली, कारण त्याच्या धुळीनं कापणाऱ्यांची फुप्फुसं निकामी होत होती. त्या दगडात नव्वद टक्क्यांच्या वर सिलिका असू शकते. पोर्सेलीनमध्ये बरीच कमी, पण असतेच. मोरबीच्या कारखान्यांतले कामगारही सिलिकोसिसनं आजारी पडलेत. आमची पोरं तोंडाला रुमाल बांधतात आणि त्यांना वाटतं झालं. ती धूळ रुमालातून आरपार जाते. ब्लेडवर पाण्याची धार नसेल तर मी बोर्डातली पिन काढून घेतो, शिव्या खाल्ल्या तरी चालतील. पाण्यानं कापायचं म्हणजे चिखल उडणार, म्हणून कापाकापी अंगणात, सपाट टेबल लावून. भर पावसात ते जमत नाही, आणि ओल्या भिंतीवर केमिकल धरत नाही. जूनचा पहिला पाऊस झाला की शीटची कामं मी दिवाळीनंतरवर ढकलतो. घाई असेल त्यानं ग्रॅनाइट घ्यावा.