शिल्लक भरपूर, विलो खलास!

बँकेत वीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले, की पैसा दिसताच मोजायची आणि मोजून ठेवून द्यायची सवय लागते. याचा प्रत्यय परवा चिरंजीवांनी दिला.

त्यांनी कॉम्प्युटरवर 'विलो' हा जुना खेळ पैदा केला. १९८८ साली त्या नावाचा सिनेमा आला होता. त्यावरून कॅपकॉम या जपानी कंपनीने १९८९ साली नाणं टाकून खेळायच्या यंत्रासाठी हा काढला. बुटक्या विलोने दुष्ट राणीपासून तान्ही पोर वाचवायची. उड्या मारा, जादू फेका, शत्रू पाडून पैसे गोळा करा. वाटेत दुकानं लागतात. तिथे ज्यादा जादू विकत मिळते.

मी दुकानात शिरायचो, भाव बघायचो नि परत फिरायचो. पुढे लागतील पैसे! पुढच्याच राक्षसाने आडवा केला. चिरंजीवांनी मात्र होतं नव्हतं ते उधळलं आणि स्वारी पुढच्या टप्प्यात!

"बाबा, मेल्यावर व्याज मिळतं का?"

मी मदतीसाठी हिच्याकडे पाहिलं. भाजी निवडता निवडता ही म्हणाली, "महाबळेश्वर रिटायर झाल्यावर बघायचं ठरलंय ना आपलं?"

सिनेमातला विलो शेवटी राणीला नुसत्या हातचलाखीने चकवतो. मला तीही येत नाही. दुसऱ्या दिवशी गुपचूप चार दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तब्येत बरी आहे ना?"