आजी, दादी आणि 'तुंबाड'

राजूरला पाऊस लागला की आठवडा-आठवडा उघडत नाही. अकोले तालुक्यातले आमचे हे गाव भंडारदऱ्याच्या वाटेवर आहे. पावसाळ्यात डोंगर ढगात बुडतात, लाइट जाते आणि मगरिबच्या आधीच रात्र झाल्यासारखी वाटते. अशाच एका रात्री, दहा वर्षांची असताना, मी दादीजवळ एकटी बसले होते. नारायण धारपांच्या कथेवरचा चित्रपट जमला की फसला, हे सांगताना मला त्या रात्रीपासूनच सुरुवात करावी लागते.

धाकट्या भावाला ताप चढला होता. अब्बा-अम्मी त्याला घेऊन दवाखान्यात गेले. निघताना अम्मी म्हणाली, "दादी के पास बैठ. पानी मांगी तो देना. डरना नै." दादीचे अर्धे अंग लुळे पडले होते. तोंड एका बाजूला वाकलेले, एक डोळा अर्धवट उघडा. कंदिलाच्या उजेडात ती मला माझी दादी वाटेचना. मध्यरात्री तिने घोगऱ्या आवाजात पाणी मागितले. मी गोधडी डोक्यावरून ओढली आणि आयतुल कुर्सी पुटपुटू लागले, जणू काही पलंगावर जिन्नच होता. तिने तीनदा हाक मारली. मी उठले नाही. फजरला अम्मी आली, तेव्हा दादीने वाटीभर पाणी एका दमात संपवले. तिने तक्रार केली नाही. तिला तेवढे बोलताच येत नव्हते. त्याच पावसाळ्यात ती गेली. हे मी कुणालाही सांगितले नाही.

आमच्या घरात अब्बांमुळे इब्ने सफींच्या जासूसी कादंबऱ्या होत्या. मराठी वाचनाची गोडी मात्र वाचनालयाने लावली. बी.एड. करताना धारप हाती लागले. 'लुचाई', 'शपथ', '४४०, चंदनवाडी' हे सारे मी हॉस्टेलमध्ये मैत्रिणींच्या सोबतीने वाचले, भ्यालेही, पण ती भीती पुस्तक मिटले की संपायची. 'आजी' ही कथा वाचली तेव्हा मात्र तसे झाले नाही. घरात एक मूल आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी, एवढे वाचूनच माझ्या हाताला घाम सुटला. हा लेखक आमच्या राजूरच्या घरी केव्हा येऊन गेला, असे वाटले.

तो आला नव्हता हे उघड आहे. खरे तर ती कथा मूळची त्याचीही नव्हती. स्टीफन किंग यांच्या 'ग्रॅमा' या कथेवरून धारपांनी ती बेतली. किंगच्या कथेत अमेरिकेतल्या एका एकाकी घरात, मोठ्या भावाचा पाय मोडल्यामुळे आई इस्पितळात गेली आहे आणि अकरा वर्षांचा मुलगा आजीपाशी एकटा आहे. आपण मराठी वाचक अशा वेळी लगेच 'उचलेगिरी' म्हणतो. माझे मत वेगळे आहे. शाळेत मी रोज तर्जुमा शिकवते. शब्दकोशातून केलेला तर्जुमा आणि आपल्या घरातून केलेला तर्जुमा यांत किती अंतर असते, ते मला ठाऊक आहे. धारपांनी ग्रॅमाची 'आजी' केली, म्हणून ती मला दादी म्हणून ओळखता आली.

हीच कथा राही अनिल बर्वे यांनी 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली. त्या बीजातून पंचवीस वर्षांनी, 12 ऑक्टोबर 2018 रोजी 'तुंबाड' प्रदर्शित झाला. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेले, भाषा हिंदी, आणि गोष्ट सोन्याच्या हव्यासाची. तेव्हा तो थोड्याच लोकांनी पाहिला. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला, तेव्हा मात्र त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. मीही तो तेव्हाच, नाशिकला जाऊन पाहिला.

सुरुवातीलाच मुसळधार पाऊस. झाडावरून पडलेल्या धाकट्या मुलाला घेऊन आई बाहेर पडते. थोरला विनायक साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीपाशी एकटा राहतो. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. पडद्यावर कोकण होते, वाडा ब्राह्मणाचा होता, काळ इंग्रजांचा होता. तरी ते घर माझेच होते.

पुढे विनायक मोठा होतो आणि कथा लोभाची होते. हस्तर येतो, सोन्याच्या मुद्रा येतात. ते सारे देखणे आहे, पाऊस तर अंगावर येतो. पण 'आजी' तिथे मागे राहते. ज्या माणसाची सेवा करायची त्याचीच भीती वाटणे, ही त्या कथेची मूळ जखम. चित्रपट तिच्यावर बोट ठेवतो आणि पुढे निघून जातो. म्हणून माझा निकाल असा: चित्रपट म्हणून 'तुंबाड' पुरेपूर जमला आहे, धारपांची 'आजी' पडद्यावर यायची अजून बाकी आहे.

तरीही मूळ कथा जशीच्या तशी उतरवा, असा माझा आग्रह नाही. किंग यांच्या 'द शायनिंग'वर स्टॅन्ली कुब्रिक यांनी 1980 साली चित्रपट केला. किंगना तो मुळीच आवडला नाही. 1997 साली त्यांनी स्वतः पटकथा लिहून पुस्तकाला धरून दूरदर्शन मालिका करवली. आज जग आठवते ते कुब्रिकचा चित्रपट. इमानदारी शब्दांशी ठेवून भागत नाही, ती भीतीशी ठेवावी लागते.

'तुंबाड'मधली एक गोष्ट मला घरी आल्यावर कळली. विनायकच्या मुलाची, पांडुरंगाची भूमिका करणाऱ्या मोहम्मद समद या मुलानेच, चेहऱ्यावर भरगच्च मेकअप चढवून, ती म्हातारीही साकारली आहे. म्हणजे सुरकुत्यांच्या आड एक पोरच होते. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले.

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गात मुले फारच कमी आली होती. "टीचर, डरावनी कहानी सुनाओ ना," म्हणाली. मी उर्दूत 'आजी' सांगितली. घर आमचे केले, कंदील आमचा, पाऊसही आमचा. मुले दारावरच्या थापेला घाबरली नाहीत. म्हातारीने पाणी मागितले तेव्हा घाबरली. एका मुलीने विचारले, "टीचर, वो किसकी दादी थी?" मी म्हटले, "किसी की नै. किताब की है."

त्याच आठवड्यात मी राजूरला गेले. अम्मीचे गुडघे आता चालू देत नाहीत. रात्री लाइट गेल्यावर मी तिला ती रात्र सांगितली, तीन हाकांसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मैं भी डरती थी गे उनसे. इसलिए तेरे को बिठाके गई." दवाखान्यात दोघांनी जायची गरज नव्हती, हे मला इतक्या वर्षांनी कळले.

बाहेर पाऊस कोसळत होता. थोड्या वेळाने तिने पाणी मागितले. मी अंधारात चाचपडत माठापर्यंत गेले.