सायकलवर बिऱ्हाड : कुंडलचा एक दिवस

सायकलीला तंबू, पातेले आणि वळकटी बांधून आफ्रिका खंड पालथा घालणारे लोक आहेत. दिवसभर पायडल मारायचे, दिवस मावळला की एखाद्या गावात जाणत्या माणसाला विचारून तंबू ठोकायचा आणि उजाडताच पुढे निघायचे. आपल्याकडेही हे वेड जुनेच. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले तिघे १९२८ साली फेरी पुरी करून परतले. १९२४ साली निघालेल्या फ्रामरोझ दावर यांनी तर सहाराचे वाळवंट ओलांडले.

तुम्ही म्हणाल, "दारात दुभती जनावरे असताना आम्हाला कुठली आफ्रिका?" खरे आहे. पण सुगी आटोपल्यावर एक दिवस आणि एक रात्र काढता येते. तेवढ्यात सांगली जिल्ह्यातले कुंडल पाहून होते.

सुरुवात किर्लोस्करवाडी स्टेशनापासून करा. याचे जुने नाव कुंडल रोड. औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली इथे कारखाना आणला. गंमत अशी, की त्यांच्या धंद्याची सुरुवात बेळगावात सायकलीच्या दुकानाने झाली होती! पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. आज त्याच मुलखातून उसाच्या शेतांमधून तुमची सायकल जाते. गळिताच्या दिवसांत मात्र सांभाळा. उसाने भरलेल्या ट्रॉल्या दिसल्या की सायकल रस्त्याखाली घ्या. आणि अंधार पडल्यावर रस्त्यावर राहूच नका.

कुंडल गाव जवळच आहे. डोंगरावर झरी पार्श्वनाथाचे जैन क्षेत्र आहे, तिथे दूरदूरचे यात्रेकरू येतात. पण गावात पोचल्यावर घाई करू नका. एखाद्या पारावर टेका आणि म्हाताऱ्या माणसांशी बोला. कुंडल हे प्रतिसरकारचे गाव. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात लोकांनी इंग्रजांना बाजूला सारून आपला कारभार आपण चालवला. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी रेल्वेगाडी अडवणाऱ्या तुफान सेनेच्या तुकडीचे पुढारी होते जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड, दोघेही कुंडलचे.

ही माणसे भूमिगत होती. त्यांना ना पक्के घर, ना ठरलेला मुक्काम. आज या वस्तीवर, उद्या त्या मळ्यात. त्यांना तगवले कोणी? रात्री दार वाजल्यावर आधी भाकरी पुढे करणाऱ्या, आणि पोलीस आले तरी तोंड न उघडणाऱ्या घरांनी. पकडले गेले तर मार आणि तुरुंग ठरलेलाच, हे त्या घरांतल्या बायाबापड्यांना पुरते ठाऊक होते. त्यांतल्या बहुतेकींची नावे कुठल्याही स्तंभावर कोरलेली नाहीत.

दुपार कलल्यावर देवराष्ट्राची वाट धरा. हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. शेजारीच सागरेश्वराची जुनी देवळे आणि १९८५ साली जाहीर झालेले अभयारण्य आहे. धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला आणि लोकांच्या हातांनी उघड्या डोंगरावर झाडे उभी राहिली. आता तिथे हरणे फिरतात. आत तंबू ठोकू नका. रानाला रात्री माणसाचा त्रास नको. मुक्कामाला जवळच्या एखाद्या वस्तीवर जा, मालकाला विचारा, चूल पेटवायची तर पाचटापासून दूर पेटवा, आणि सकाळी जागा झाडून निघा.

पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळते. "कुठले पाव्हणं?" असा उलटा प्रश्न आला की मात्र निम्मे काम झाले समजा.

मुलांना तर अशा फेरीला पाठवाच, मुलींनाही पाठवा. सोबत चारजणी असल्या म्हणजे झाले. पंक्चर काढायचे सामान, पंप, बॅटरी आणि दोन दिवसांच्या दशम्या एवढी शिदोरी पुरे.

आणि एखाद्या सांजेला कुणी अनोळखी सायकलवाला तुमच्याच खळ्याशी थांबला, तर? गाव-नाव विचारा, विचारलेच पाहिजे. पण त्याआधी पाण्याचा तांब्या पुढे करा. या मुलखाची ती जुनी रीत आहे.